अंगठा मिळाल्याशी कारण

आरोग्य सर्वेक्षणाला निघालेल्या मित्रांनो, गेल्या मंगळवारी तुमच्यातलीच एक टीम गावाकडे आमच्या आईकडे येऊन गेली. मी सुट्टीला घरीच होतो. त्यांचं काम बघून इतका भारावलो की नवशिक्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतोय.

भाकरीच्या वेळेला जा. पिठाच्या हातांनी कुणी संमतीपत्राची सहा पानं वाचायला बसत नाही.

सोबत आशाताई हवीच. तिला नाही म्हणायची गावात कुणाची छाती नाही.

माहितीपत्रक वाचून दाखवा, पण एका दमात: ‘सदर सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून सहभागी कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकतात.’ आईला त्यातलं ‘माघार’ तेवढं ऐकू आलं. तिला वाटलं, ग्रामपंचायतीचं काहीतरी असेल.

कशासाठी, असं कुणी विचारलंच तर ‘योजनेसाठी’ म्हणावं.

सही येत असली तरी अंगठाच घ्या. आई जुनी सातवी पास, रोज पोथी वाचते, बँकेत सही करते. ‘सही येते मला,’ म्हणाली. ‘राहू द्या आजी, अंगठा सोपा पडतो,’ म्हणत शाईचं पॅड पुढे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तोही मिळाला की! गाडीचा ड्रायव्हर. बाहेर मोबाईल बघत बसला होता, बॉनेटवर ठेवून सगळ्या आळीच्या फॉर्मवर एकदम सह्या ठोकल्या त्यानं. मी प्रत मागितली तर, ‘सर, ती ऑफिसला जमा होते.’

मुलं असतील तर आईबापांना कशाला त्रास? 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचली, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्याच सह्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं ताशेरे ओढले. ओढू देत.

आणि प्रश्न चारचौघांतच विचारावेत. ओसरीवर सून, शेजारची काकू, दूध घालायला आलेला पोरगा, असे सगळे उभे असताना खणखणीत आवाजात: ‘आजी, खोकताना लघवी सुटते का?’ आई ‘नाही’ म्हणाली. रात्री शेंगा सोलताना मला हळूच म्हणाली, ‘सुटते रे. पण तो पोरगा उभा होता ना.’ तुमच्या टॅबमध्ये ‘नाही’ गेलं. तेच पुढे टक्केवारीत जाणार, त्यावर कुणीतरी भाषण ठोकणार, आणि अडुसष्ट वर्षांची बाई जे आजवर कुणाला बोलली नाही ते कायमचं ‘नाही’ होऊन बसणार. सर्वेक्षण म्हणे! कसलं डोंबलाचं सर्वेक्षण?

अरे, दहा मिनिटं लागतात. बसा ना खाली. आपण कोण, कुणी पाठवलं, बोटातून रक्त काढायचंय ते कशाला, नाव कोण बघणार, नको म्हटलंत तर रेशन-पेन्शनला धक्का लागत नाही, एवढं तिच्या भाषेत सांगा. नको म्हणाली तर पुढचं घर धरा. पोरांनो, तुम्हाला रोजच्या घरांचं टार्गेट आहे, ते कळतं मला. पण एसीत बसून ते टार्गेट लावणाऱ्या साहेबांनी कधी स्वतःच्या आईचा अंगठा असा घेऊ दिला असता का? आणि मी, घरातला शिकलेला मुलगा, दारात उभा राहून बघत होतो. मलाही लाज वाटायला हवी होती.

फॉर्मची प्रत आणून द्या. रक्ताचा रिपोर्टही. ‘कळवू’ म्हणाला होतात. ती रोज विचारते.