बाँड्स नाही, टॉम सीव्हरच: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. इतकी मनापासून आणि इतक्या तयारीने लिहिलेली प्रतिक्रिया बेसबॉलवरच्या मराठी लेखाला यावी याचा आनंद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत कॉलेजकडून बेसबॉल खेळून पुढे व्यावसायिक झालेल्यांमध्ये सर्वांत मोठी कारकीर्द टॉम सीव्हरची, असं मी म्हटलं होतं. दुसरा रँडी जॉन्सन, तिसरा लू गेरिग आणि चौथा बॅरी बाँड्स. तुमचे मुख्य आक्षेप तीन. ७६२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका) आणि सात एमव्हीपी (हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा बाँड्स चौथा कसा? पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चार-पाच दिवसांतून एकदा खेळतो, त्याला रोज मैदानात उतरणाऱ्याच्या वर कसं बसवता? आणि सीव्हरने न्यूयॉर्क मेट्स संघाचं नशीब पालटलं याचे गुण द्यायचे, तर मेजर लीगमधला वर्णभेद मोडणारा जॅकी रॉबिन्सन यादीत का नाही? शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की मला आकड्यांपेक्षा गोष्टीच जास्त भावतात.

बाँड्सपासून सुरुवात करू. तुम्ही बे एरियात राहता, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या त्याच्या संघाच्या खाडीकाठच्या मैदानावर त्याला खेळताना पाहिलंय, तेव्हा तुमचं प्रेम समजू शकतो. त्याच्या हातातल्या बॅटबद्दल माझा काहीच वाद नाही. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातून १९८५ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) सहाव्या क्रमांकावर घेतलं. १९९८ मध्ये चारशे होम रन आणि चारशे चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेला पुढचा बेस) एकत्र जमवणारा तो पहिला खेळाडू झाला. त्याच वर्षी २८ मे रोजी अॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्ध काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, जायंट्स दोन धावांनी मागे. अॅरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी बाँड्सला मुद्दाम वॉक द्यायला, म्हणजे फटका मारता येणार नाही असे चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ द्यायला, सांगितलं. म्हणजे बेसवरचे सगळे एकेक बेस पुढे सरकवून एक धाव आपल्या हाताने देऊन टाकली, ८-६ चं ८-७ करून घेतलं, पण त्याला फटका मारू दिला नाही. पुढचा बॅटर बाद झाला आणि सामना अॅरिझोनाने जिंकला. एखाद्या बॅटरची याहून मोठी दहशत मला माहीत नाही. २००४ मध्ये तर त्याला १२० वेळा असा मुद्दाम वॉक दिला गेला आणि त्या हंगामात तो दहापैकी सहा वेळा बेसवर पोचत होता.

मग चौथा का? कारण आपण कारकीर्द तोलतोय आणि बाँड्सच्या कारकिर्दीचे दोन भाग मला एकत्र जोडता येत नाहीत. १९९८ पर्यंत त्याचे ४११ होम रन होते. त्यानंतर, ज्या वयात सगळ्यांचे हात मंदावतात त्या वयात, त्याने आणखी ३५१ मारले. २००१ चे ७३ त्यातलेच, २००१ ते २००४ हे सलग चार एमव्हीपीही त्यातलेच. खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) त्याने सांगितलं की मलमं आणि थेंब घेतले, पण ते काय होतं हे ठाऊक नव्हतं. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दलची २०११ ची त्याची शिक्षा २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने रद्द केली, हेही खरं. कोर्टाचा निकाल मी मान्य करतो. पण कोर्टापुढचा प्रश्न आणि माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ते ३५१ होम रन एरवी किती झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याच्या जोरावर मी कोणाला पहिला नंबर देणार नाही. पिचर रॉजर क्लेमन्सचे सात साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे पुरस्कारही याच कारणाने मी बाजूला ठेवले.

तुम्ही म्हणता, १९९८ पर्यंतचाच बाँड्स धरा, तरी तो सगळ्यांच्या वर. धरून पाहिला. तेव्हाचा बाँड्स अफाट होता: तीन एमव्हीपी, आठ गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). पण कात्री लावली की तेरा हंगाम उरतात, सीव्हरचे वीस आहेत. शिवाय १९९० ते १९९२ या तिन्ही वर्षी पायरेट्स लीगच्या अंतिम फेरीत पोचले आणि तिन्ही वेळा हरले. त्या तीन मालिकांत मिळून बाँड्सची बॅटिंगची सरासरी .१९१ होती, म्हणजे हजारात १९१ वेळाच फटका यशस्वी. २००२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत) त्याने याची भरपाई केली, पण ते वर्ष तुम्हीच कात्रीच्या पलीकडे टाकलंय. मुळात मला ही कापाकापीच पटत नाही. तो माणूस बावीस हंगाम खेळला, तर बावीसचाच हिशेब व्हायला हवा, आणि तो होत नाही ही बाँड्सच्या कारकिर्दीची अडचण आहे.

आता पिचरचा मुद्दा. हा आक्षेप कायम घेतला जातो आणि मला तो कधीच पटलेला नाही. सामन्यांची संख्या पाहिली की पिचर कामचुकार वाटतो. आमनेसामने लढती मोजा. पूर्ण हंगाम खेळणारा बॅटर वर्षाला साडेसहाशे-सातशे वेळा बॅट घेऊन उभा राहतो. सीव्हरने १९७३ च्या हंगामात २९० इनिंग टाकल्या, म्हणजे हजारावर बॅटरना तोंड दिलं. पूर्ण कारकीर्द घ्या: बाँड्स बारा हजार सहाशेच्या आसपास वेळा बॅटिंगला आला, सीव्हरने एकोणीस हजारांहून जास्त बॅटरना चेंडू टाकले. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकच गोलंदाज दोन्ही टोकांकडून अख्खा डाव टाकतोय, आणि वर्षभर दर चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच करतोय. त्याने २३१ सामने स्वतः सुरू करून स्वतः संपवले आणि ६१ मध्ये समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही.

या आकड्यांच्या मुळाशी त्याचं शरीर आणि ते वापरायची त्याची रीत होती. चेंडू टाकताना सीव्हर इतका खाली जायचा की उजवा गुडघा माउंडच्या (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याच्या) मातीला घासायचा. जुन्या चित्रफिती पाहा: पांढऱ्या पँटवर उजव्या गुडघ्यापाशी मातीचा तपकिरी डाग दिसेल. वेग खांद्यातून न काढता मांड्या आणि कंबरेतून काढायचा आणि हात शेवटी नुसता त्यामागून यायचा, ही त्याची पद्धत. म्हणून तो ४,७८३ इनिंग टाकू शकला आणि चाळिसाव्या वर्षी, ४ ऑगस्ट १९८५ ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून ३०० वा विजय मिळवला. तोही पूर्ण नऊ इनिंग स्वतः टाकून, ४-१ ने.

इथेच कॉलेजचा विषय येतो. "कॉलेजचा इथे संबंध काय, पुढची कारकीर्द मोजा," असं तुम्ही लिहिलंय. संबंध आहे, कारण प्रश्नच कॉलेजमधून आलेल्यांचा आहे, आणि सीव्हर कॉलेजशिवाय घडलाच नसता. फ्रेस्नोच्या हायस्कूलमध्ये तो लहान चणीचा होता, कोणत्याही संघाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शाळा संपल्यावर त्याने मनुका पॅक करणाऱ्या कारखान्यात खोकी उचलली, मरीन कोअरच्या राखीव दलात काही महिने काढले. या काळात तो उंचीने आणि अंगाने भरला. मग फ्रेस्नो सिटी कॉलेज. तिथे नजरेत भरल्यावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूएससीचे प्रशिक्षक रॉड डीडो यांना तो हवा होता, पण शिष्यवृत्ती देण्याआधी त्यांनी त्याला १९६४ च्या उन्हाळ्यात थेट अलास्कात, फेअरबँक्सच्या गोल्डपॅनर्स संघाकडे पाठवलं. तिथे टिकलास तर बघू, असा तो मामला. तो टिकला, आणि १९६५ मध्ये यूएससीकडून दहा सामने जिंकून फक्त दोन हरला.

त्याच वर्षी अमेरिकन बेसबॉलमध्ये पहिल्यांदा ड्राफ्ट झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सनी सीव्हरला दहाव्या फेरीत निवडलं, पण त्याने मागितलेले पैसे द्यायला ते तयार नव्हते. पुढच्या वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जनी करार केला. पण तोवर यूएससीचा हंगाम सुरू झाला होता आणि हंगाम सुरू झाल्यावर कॉलेज खेळाडूशी करार करायचा नाही असा नियम होता. सीव्हर त्यातला एकही सामना खेळला नव्हता, तरी कमिशनर विल्यम एकर्ट यांनी करार रद्द केला. इकडे कॉलेज क्रीडासंस्था म्हणाली, तू व्यावसायिक करारावर सही केलीस, आता कॉलेजकडूनही खेळता येणार नाही. एकवीस वर्षांचा मुलगा दोन्हीकडून लटकला. शेवटी एकर्ट यांनी तोडगा काढला: ब्रेव्ह्जइतके पैसे द्यायला जे संघ तयार असतील त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क मेट्स असे तीनच पुढे आले. एप्रिल १९६६ मध्ये चिठ्ठी निघाली मेट्सची.

हे सांगितलं की तुम्ही म्हणणार, बघा, पुन्हा गोष्ट. पण याचा आकड्यांशी थेट संबंध आहे. मेट्स म्हणजे १९६२ च्या पहिल्याच हंगामात १२० सामने हरलेला संघ. सीव्हरच्या पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये, संघाने एकूण ६१ सामने जिंकले. त्यातले १६ त्याचे. ज्या पिचरला आपल्या बॅटरकडून धावा मिळत नाहीत त्याचे विजय कमी दिसतात, आणि मेट्सकडे वर्षानुवर्षं धावांचा दुष्काळ होता. १९७१ मध्ये दर नऊ इनिंगमागे फक्त १.७६ धावा देऊन आणि २८९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) घेऊनही सीव्हर २०-१० वर, म्हणजे वीस विजय आणि दहा पराभवांवर, थांबला आणि साय यंग फर्गी जेंकिन्सला गेला. तरी कारकिर्दीच्या शेवटी ३११ विजय, ३,६४० स्ट्राइकआउट आणि नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची २.८६ ही सरासरी. १९६९ मध्ये त्याने २५ सामने जिंकले, वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात दहाच्या दहा इनिंग स्वतः टाकून २-१ ने विजय मिळवला, आणि मेट्स जगज्जेते झाले. पुढच्या एप्रिलमध्ये सॅन दिएगोविरुद्ध त्याने १९ स्ट्राइकआउट घेतले, त्यातले शेवटचे दहा सलग. त्या सलग दहाची बरोबरी करायलासुद्धा कोणाला पन्नास वर्षं लागली.

रॉबिन्सनचा आक्षेप तुमच्या पत्रातला सर्वांत वजनदार आहे. मी सीव्हरला मेट्सवरच्या प्रभावाचे गुण दिलेले नाहीत. वर दिलेत ते सगळे त्याने टाकलेल्या चेंडूंचे आहेत. पण प्रभावच मोजायचा ठरला तर यादीच करायला नको. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला, त्यानंतर हा खेळ पहिल्यासारखा राहिला नाही, आणि ४२ हा त्याच्या जर्सीचा आकडा सगळ्या संघांनी कायमचा बाजूला ठेवला तो एका माणसासाठी. यूसीएलए विद्यापीठात बेसबॉल हा त्याच्या चार खेळांतला सर्वांत कच्चा खेळ होता. १९४० मध्ये त्याची सरासरी होती .०९७. तोच माणूस १९४९ मध्ये .३४२ ने एमव्हीपी झाला. कृष्णवर्णीयांना दार बंद होतं म्हणून तो अठ्ठाविसाव्या वर्षी आला आणि दहा हंगामच खेळला. जी वर्षं त्याच्याकडून हिरावली गेली ती कल्पनेने भरून क्रमांक द्यायचा, की न भरता त्याला सहावा-सातवा म्हणायचं? मला दोन्ही अन्यायकारक वाटतं, म्हणून त्याचं नाव क्रमवारीबाहेर ठेवलं आणि तिथेच ठेवणार.

अल्बर्ट पुहोल्सबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजमधलं त्याचं एकच वर्ष मी नक्की धरतो. तेराव्या फेरीत निवडला गेलेला मुलगा ७०३ होम रनपर्यंत पोचतो हे विलक्षणच आहे. पण एंजल्स संघाकडची दहा वर्षं सेंट लुईस कार्डिनल्सकडच्या पहिल्या अकरांच्या जवळपासही नाहीत. तो पाचवा.

गेरिग तिसरा आहे तो केवळ काळामुळे. कोलंबिया विद्यापीठातून १९२३ मध्ये यांकीजकडे आलेला हा माणूस सलग २,१३० सामने खेळला, .३४० ची सरासरी ठेवून. पण त्या काळात कृष्णवर्णीय पिचर त्याच्यासमोर उभेच राहू शकत नव्हते, आणि हे मी विसरू शकत नाही.

खरं सांगायचं तर तुम्ही बाँड्सऐवजी रँडी जॉन्सनची बाजू घेतली असती तर माझी जास्त दमछाक झाली असती. तोही यूएससीचाच. ३०३ विजय, ४,८७५ स्ट्राइकआउट, पाच साय यंग, त्यातले चार सलग, आणि चाळिसाव्या वर्षी अटलांटाविरुद्ध परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना. शिखराची उंची पाहिली तर तो सीव्हरच्या वरच आहे. मी त्याला खाली ठेवतो ते सुरुवातीच्या वर्षांमुळे: १९९० ते १९९२ सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक वॉक देणारा पिचर तोच होता. चेंडूवर ताबा यायला त्याची तिशी उजाडली. सीव्हर पहिल्या हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९८१ मध्ये, पंधराव्या हंगामात, १४-२ अशी कामगिरी करत होता. मला ही सलगता जास्त मोलाची वाटते, तुम्हाला ते शिखर जास्त मोलाचं वाटू शकतं, आणि त्यावर खरोखर दोन मतं होऊ शकतात. जॉन्सनची बाजू मांडणार असाल तर सविस्तर लिहा, मी वाट पाहतो.