पूलचा नेम ‘निव्वळ भूमिती’ असता तर सरळ शॉट कुणाचाच चुकला नसता

परवा भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला. वर त्याची टीप: ‘मामा, तुमची इतकी वर्षं फुकट गेली.’ पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने कडेच्या पॉकेटांत घालायचा खेळ, तो खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर गेले काही महिने फिरतोय तोच हा मजकूर. थोडक्यात असा: पूलमध्ये नेम म्हणजे निव्वळ भूमिती. जो बॉल घालायचा त्याच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, त्याला चिकटलेला एक अदृश्य बॉल कल्पायचा आणि पांढरा, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा तो बॉल, बरोबर त्या जागी पाठवायचा, की झालं काम. पुढे चार पुरवण्या. नेम धरताना एक डोळा मिटा. फटका मारताना नजर पांढऱ्यावर ठेवा. साइड दिली, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून फिरकी दिली, तरी नेम तोच राहतो. आणि कॅरमचा हात चांगला असेल तर पूल वेगळा शिकावा लागत नाही. शेवटी अर्थातच ‘दोन आठवड्यांत नेम पक्का’.

भाचा कॅरम झकास खेळतो, त्यामुळे शेवटची पुरवणी त्याला विशेष आवडली असणार. मी मारे पट्टीचा खेळाडू नाही. पण रविवारी संध्याकाळी तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, नको त्या चुका करून जे कळलं त्यातलं बरंचसं या मजकुराच्या उलट आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अदृश्य बॉलबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ती कल्पना खोटी नाही. नवखा माणूस काय करतो? बॉल जिथे टेकायला हवा तो बिंदू शोधतो आणि पांढऱ्याचा मध्य थेट त्या बिंदूवर रोखतो. पण पांढऱ्यालाही अंग आहे. त्याचा मध्य तिथे पोचायच्या आधीच त्याची बाजू आदळते आणि बॉल जाड लागतो, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त मध्यावर. ३० अंशांचा कट हवा असताना, म्हणजे बॉल पांढऱ्याच्या रेषेपासून ३० अंश तिरका घालायचा असताना, या नेमाने जेमतेम साडेचौदा मिळतात. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. टेकायच्या क्षणी पांढऱ्याचा मध्य दुसऱ्या बॉलच्या मध्यापासून नेमका तेवढाच लांब असतो. हे एवढं अदृश्य बॉल बरोबर शिकवतो, आणि त्याबद्दल त्याचे आभार.

अडचण पुढे सुरू होते. त्या अदृश्य बॉलचा मध्य म्हणजे हिरव्या कापडावरची रिकामी हवा. तिथे नजर टेकवायला काहीच नाही. उभ्याने जी जागा दिसली, ती क्यूवर वाकल्यावर सरकलेली असते. म्हणून बरेच जण दिसणाऱ्या गोष्टीचा आधार घेतात: बॉलची कड. पांढऱ्याचा मध्य बॉलच्या कडेवर रोखला की निम्मा बॉल झाकला जातो आणि बॉल ३० अंशांनी सुटतो. पाऊण झाकला तर साडेचौदा, पावच झाकला तर साधारण साडेअठ्ठेचाळीस. मघाचा नवखा नकळत निम्म्याऐवजी पाऊण बॉल मारत होता, एवढंच. ही तीन मापं डोळ्यांत बसली की बाकीचे कट त्यांच्या अधेमधे शोधता येतात. अदृश्य बॉल टाकून द्यायचा नाही, उभ्याने रेषा ठरवताना तो कामाचा आहे. पण तो एकटा पुरत नाही.

आणि आता भूमितीला न दिसणारी गोष्ट: घर्षण. बॉल एकमेकांना नुसते टेकत नाहीत, घासतात. कट मारताना पांढऱ्याचा पृष्ठभाग दुसऱ्या बॉलला आपल्याबरोबर किंचित ओढतो, आणि तो बॉल कागदावरच्या रेषेपेक्षा पांढरा जात असतो त्या दिशेने थोडा सरकून जातो. याला थ्रो म्हणतात. विश्वास बसत नसेल तर टेबलावर करून बघा. दोन बॉल एकमेकांना चिकटवून ठेवा, असे की त्यांच्या मध्यांमधून जाणारी रेषा एक मीटरवरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या बरोबर मधे जाईल. आता पांढरा हळू मारून मागच्या बॉलच्या डाव्या अंगाला लावा. भूमितीच्या हिशेबाने पुढचा बॉल रेषेतच जायला हवा, कारण दोघं चिकटलेले आहेत. तो जातो उजवीकडे. मग तसेच दोन बॉल पुन्हा लावा आणि जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे बोट ओलं करून फिरवा. या वेळी बॉल जवळपास रेषेत जातो. (हे मार्करच्या, म्हणजे क्लबात टेबलं सांभाळणाऱ्या माणसाच्या, पाठीमागे करा. आमच्या मार्करने मला यावरून चारचौघांत झापलं आहे.)

हा थ्रो कायम सारखाही नसतो. पांढरा पुढे किंवा मागे न फिरता नुसता घसरत आला, म्हणजे स्टन शॉट असला, आणि फटका हळू असला की तो जास्त. जोरात मारला, किंवा वर-खाली मारून पांढऱ्याला फॉलो (पुढची फिरकी) वा स्क्रू (मागची फिरकी) दिला, की कमी. निम्म्या बॉलच्या हळू शॉटला दोन-तीन अंश सहज जातात. तीन अंश म्हणजे एक मीटरवर पाच सेंटिमीटरहून जास्त. अदृश्य बॉल तिथेच होता, पांढरा बरोबर तिथेच पोचला, आणि तरी बॉल पॉकेटच्या जबड्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, आपटला. मजकुराकडे याचं काय उत्तर आहे? त्यात भर म्हणून क्लबातले बॉल महिनोन्‌महिने न पुसलेले, वर खडूचे डाग, आणि नेमका डागावर डाग टेकला तर बघायलाच नको. खेळायच्या आधी बॉल पुसून मागा. नेमासाठी करता येईल अशी सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच.

जाता जाता: शाळेच्या भूगोलात वारे वळवणाऱ्या बलाला ज्यांचं नाव आहे, त्या फ्रेंच कोरिऑलिसनी १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. बॉलांचं फिरणं आणि घासणं हाच त्यातला मुख्य मजकूर. नुसत्या रेघोट्यांनी भागलं असतं तर एवढ्या मोठ्या गणितज्ञाने इतके कष्ट कशाला घेतले असते.

पण माझी मुख्य तक्रार घर्षणाबद्दलही नाही. मजकुराने ‘नेम कळणं’ आणि ‘नेमल्या जागी बॉल पाठवणं’ या दोन गोष्टींची एकच गोष्ट करून टाकली, ही आहे. सरळ शॉट घ्या. पांढरा, बॉल आणि पॉकेट एका रेषेत. इथे भूमिती शून्य, कट शून्य, थ्रोला जागा नाही. बॉलच्या पोटात मारायचं, बस. तरीही हाच शॉट लांबून मारताना आपण सगळे चुकतो.

का, ते आकड्यांत बघा. पांढरा नेमल्या जागेपासून एक मिलिमीटर बाजूला पोचला की सरळ शॉटमध्ये बॉलची दिशा एक अंशाने बिघडते. पॉकेट एक मीटर लांब असेल तर तिथे ती चूक साडेसतरा मिलिमीटर होते. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच, म्हणजे ११४ मिलिमीटर. त्यातून बॉलची जाडी वजा केली की दोन्ही बाजूंना जेमतेम २८ उरतात. एक मिलिमीटर चुकलात तर बॉल जातो, दोन चुकलात तर चूक ३५ वर जाते आणि बॉल बाहेर. ६० अंशांच्या बारीक कटाला तर एका मिलिमीटरलाच दोन अंश जातात. ही मिलिमीटरची चूक डोळ्याची क्वचितच असते. बहुतेक वेळा ती कोपराची, मुठीची किंवा शेवटच्या क्षणी उचललेल्या मानेची असते.

माझंच सांगतो. लांबचे सरळ शॉट कधी पॉकेटच्या डाव्या जबड्यावर, कधी उजव्या. मी वर्षभर नेमाच्या नवनव्या पद्धती करून पाहिल्या. एके दिवशी मार्करकाका म्हणाले, “साहेब, बॉलकडे बघू नका, पांढरा थांबल्यावर काय करतो ते बघा.” सरळ शॉटमध्ये मध्याच्या किंचित खाली बरोबर मारलं तर पांढरा आदळून जागच्या जागी गप्प उभा राहायला हवा. माझा उभा राहायचा, पण भोवऱ्यासारखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गिरक्या घेत. म्हणजे क्यू मध्याच्या डावीकडे लागत होता आणि मला पत्ताच नव्हता. मग काकांनी बाकीचे बॉल काढून घेतले. एकटा पांढरा टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवायचा, समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) मारायचा, आणि परत येऊन तो क्यूच्या टोकालाच लागला पाहिजे. नऊ फुटी टेबलावर खेळायची लांबी १०० इंच, म्हणजे अडीच मीटर जायचं आणि अडीच यायचं. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन आले असतील. यात नेम धरायला काही नाहीच, त्यामुळे सबब सांगायलाही काही उरत नाही.

आता पुरवण्या. एक डोळा मिटण्याचा सल्ला नेमबाजीच्या रेंजवरून उचललेला दिसतो. इथे मिटू नका, अंतराचा अंदाज जातो. करायचं ते वेगळं आहे: क्यू आपल्या कुठल्या डोळ्याखाली, की हनुवटीच्या बरोबर मध्याखाली आल्यावर रेषा सरळ दिसते, ते शोधायचं आणि दर वेळी तिथेच ठेवायचा. जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची नजर अधू होती, म्हणून त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. १९२७ ते १९४६ या काळात त्यांनी स्नूकरचं जागतिक विजेतेपद १५ वेळा मिळवलं.

नजर पांढऱ्यावर? क्यू मागेपुढे करताना ती पांढऱ्यावरून बॉलवर, बॉलवरून पांढऱ्यावर जातेच. पण शेवटच्या फटक्याला बहुतेक चांगले खेळाडू बॉलकडे बघतात. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारताना किंवा पांढरा कुशनला चिकटलेला असताना गोष्ट वेगळी. कुठे बघायचं यापेक्षा नजर ठरते किती, हे महत्त्वाचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिलियर्ड्सच्या तरबेज खेळाडूंची फटक्याआधीची शेवटची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते, असं दिसलं होतं. आपली नजर मात्र बॉल सुटायच्या आधीच पॉकेटकडे पळते.

‘साइड दिली तरी नेम तोच’ हे मात्र धडधडीत चूक आहे. क्यू मध्याच्या डावीकडे लावला की पांढरा क्यूच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे निघतो. कुशनच्या उंचीमुळे क्यूचा मागचा भाग थोडा वर असतोच, म्हणून जाता जाता पांढरा परत डावीकडे वळतो. किती, ते अंतर, जोर आणि कापडावर अवलंबून. शेवटी आदळताना ती फिरकी बॉलला उजवीकडे ढकलते. तीन चुका, तिघींची मापं वेगळी, आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतील हा निव्वळ भरवसा. कमी डिफ्लेक्शनचा, म्हणजे पांढऱ्याला बाजूला कमी ढकलणारा, महागडा शाफ्ट (क्यूचा पुढचा दांडा) पहिली चूक कमी करतो, संपवत नाही. मुरलेले खेळाडू कटाच्या बाहेरच्या अंगाची थोडी साइड देऊन मघाचा थ्रो मारून टाकतात हे खरं, पण ते मुरलेले आहेत. सुरुवातीचे सहा महिने साइड विसरा. वर, मध्य, खाली एवढ्यावर पुष्कळ खेळ होतो.

राहिलं कॅरम. या खेळावर माझं प्रेम आहे, गणपतीच्या मांडवातल्या स्पर्धांत मीही बोटं सोलून घेतली आहेत. कॅरममधून रेषा ओळखण्याची नजर येते, रिबाउंडचा अंदाज येतो, कट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण बोर्ड ७४ सेंटिमीटरचा, त्यावर पावडर टाकून घर्षण मुद्दाम मारलेलं, आणि आपण वरून बघत असतो. स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा आणि जड, त्यामुळे ‘निम्मी सोंगटी’ आणि ‘निम्मा बॉल’ यांचा कोन सारखा येत नाही. सगळ्यात मोठा फरक वेगळाच. कॅरममध्ये स्ट्रायकर रेषेवर कुठे ठेवायचा ते आपण ठरवतो, म्हणजे अवघड कट बसल्या जागी सोपा करून घेतो. पूलमध्ये पांढरा जिथे थांबला तिथून मारायचं, आणि तो तिथे थांबला तो आपल्याच मागच्या फटक्याने. कॅरमपटू पहिला बॉल सुरेख घालतो आणि दुसऱ्याला अडकतो, तो यामुळे.

हे सगळं भाच्याला एवढं लांब लिहिलं नाही. फक्त म्हटलं, दहा सरळ शॉट मार, पांढरा आणि बॉल यांच्यात एक मीटर, बॉलपासून पॉकेट एक मीटर, आणि प्रत्येक वेळी पांढरा थांबल्यावर फिरतो का ते बघ. रात्री उत्तर आलं: ‘मामा, चार गेले. पांढरा नऊ वेळा फिरला.’ पाठोपाठ दुसरा मेसेज: ‘रविवारी किती वाजता?’