विजयनगर १५६५ साली संपले, हे आता पुरे झाले

माझ्या भाचीच्या शाळेने हंपीची, म्हणजे विजयनगर साम्राज्याच्या जुन्या राजधानीची, सहल रद्द करून मुलांना वॉटरपार्कला नेण्याचे ठरवले आहे. "तिथे नुसते पडके दगड आहेत, मुले कंटाळतील," असे पालकसभेत सांगण्यात आले आणि एकाही पालकाने हरकत घेतली नाही, हे आज दुपारी बहिणीकडून कळल्यापासून माझा संताप आवरत नाही.

बाबांना घेऊन मी हंपीला गेले होते. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. विठ्ठल मंदिरासमोरचा दगडी रथ, जो आज पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे, तो त्यांनी मन लावून पाहिला. पण वाटेत केळीच्या बागांमधून वाहणारा पाट दिसताच त्यांनी गाडी थांबवायला लावली. वाळक्या केळीच्या पानाचा तुकडा पाण्यात सोडून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ते काठाने त्याच्या बरोबरीने चालू लागले. पाण्याचा वेग असा मोजण्याची त्यांची जुनी सवय. विजयनगरच्या काळात काढलेला तो तुर्तू कालवा आजही भाताला आणि केळीला पाणी देतो.

आपल्याला शिकवले जाते ते एवढेच, की २३ जानेवारी १५६५ रोजी दख्खनच्या सुलतानांशी झालेल्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा कर्ताधर्ता रामराया मारला गेला, राजधानी कित्येक महिने लुटली गेली आणि विषय संपला. त्यावर दोन ओळींचा द्वेष चिकटवून पुढे पाठवणाऱ्यांचा तर मला वीट आला आहे. याच रामरायाने सुलतानांना एकमेकांविरुद्ध झुंजवले होते. त्याच्यावर चालून आलेल्या गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशाहाला तरुणपणी विजयनगरनेच आश्रय दिला होता. हे गुंतागुंतीचे राजकारण मुलांना कळणार नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

नगर पुन्हा पूर्वीसारखे वसले नाही, हे खरे आहे. पण रामरायाचा भाऊ तिरुमल याने खजिना आंध्रातल्या पेनुकोंड्याच्या किल्ल्यावर हलवला आणि राज्य पुढे कित्येक दशके चालले. विजयनगरच्या नायकांनी, म्हणजे सुभेदारांनी, सांभाळलेल्या तंजावरातच पुढे व्यंकोजीराजे भोसले गादीवर बसले. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातली पूजा आजही चालू आहे. बाबा पानामागे चालत होते, तेव्हा शेतकऱ्याला त्यांनी पहिला प्रश्न पाण्याच्या पाळीचा विचारला होता, कारण त्यांच्या दृष्टीने ते चालू काम होते, अवशेष नव्हते. नदीत पाणी आता वरच्या तुंगभद्रा धरणातून सुटते, हे मान्य; पाटाची वाट मात्र तीच आहे.

हे लिहिताना राग थोडा निवळला आहे, कारण विठ्ठल मंदिराचा रिकामा गाभारा आठवला. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने नेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीला परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. आषाढीला पायी चालणाऱ्या घरांतल्या मुलांना तो गाभारा परका कसा वाटेल?

ऊन फार असते, हेही कबूल. म्हणून डिसेंबरात न्यावे, आणि आधी राजवाड्याच्या परिसरातली पायऱ्यांची पुष्करणी दाखवावी. तिच्या दगडांवर कोणता दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या शोधण्यात मुले तासभर रमतील. सहलीचा फेरविचार व्हावा, असे पत्र बहीण सोमवारी शाळेला देणार आहे. त्या वर्गातल्या ज्या पालकांना हे पटते, त्यांनी रविवारपर्यंत तिच्याकडे जाऊन सही करावी.