"लहान धंदा म्हणजे स्वातंत्र्याचा भास": हे म्हणणं हिशेबात टिकत नाही

सध्या एक दावा मोठ्या खात्रीने सगळीकडे पुढे पाठवला जातो आहे. थोडक्यात तो असा: लहान धंदा दरात टिकत नाही. दहातले नऊ धंदे वर्षभरात बंद पडतात. जो उरतो तो गिऱ्हाइकाचा गुलाम असतो. स्वावलंबन म्हणजे समाजाशी फारकत. तेव्हा मोकळ्या समाजासाठी मूठभर मोठे उद्योग, पक्का पगार आणि वर सरकारची छत्री एवढं पुरे.

यात काही अर्धसत्यं आहेत. तीही सांगतो.

"लहान म्हणजे महाग"

जिथे पहिलाच खर्च अवाढव्य असतो तिथे हे खरं आहे. पोलादाची भट्टी किंवा चिपचा कारखाना घरामागच्या शेडमध्ये उभा राहत नाही. पण श्रमविभागणीचं, म्हणजे एकच काम टप्प्याटप्प्याने वाटून घेण्याचं, उदाहरण म्हणून अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये जो टाचण्यांचा कारखाना दाखवला, त्यात माणसं दहाच होती आणि दिवसाला ४८,००० टाचण्या निघत. फरक कामाच्या मांडणीने पडला होता, माणसांच्या संख्येने नव्हे.

आजही लहान लॉटमध्ये तेच चालतं. यंत्राच्या सेटिंगला दोन तास आणि प्रत्येक नगाला तीन मिनिटं लागत असतील, तर २० नगांच्या ऑर्डरमध्ये नगामागे नऊ मिनिटं पडतात. त्यातली सहा नुसत्या सेटिंगची. सेटिंग २० मिनिटांवर आणलं की नगामागे चारच मिनिटं. त्यासाठी पुढच्या कामाची हत्यारं यंत्र चालू असतानाच काढून ठेवायची, दर वेळी मोजण्याऐवजी कायमचा स्टॉपर बसवायचा, आणि प्रत्येक कामाचं जिग, म्हणजे नग नेमका धरून ठेवणारा साचा, खूण करून वेगळं ठेवायचं. २० नगांच्या ऑर्डरवर मोठ्या कारखान्यालाही याहून वेगळी जादू येत नाही.

"दहातले नऊ वर्षभरात बंद"

हा आकडा चूक आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या नोंदी पाहिल्या तर नव्या आस्थापनांपैकी साधारण पाचातली एक पहिल्या वर्षात बंद होते, आणि निम्म्याच्या आसपास पाच वर्षं तग धरतात. बंद होणं म्हणजे बुडणंही नव्हे. काही मालक निवृत्त होतात, काही दुसरीकडे वळतात.

जे खरोखर बुडतात, त्यांतले पुष्कळ नफ्यात असताना बुडतात. कच्चा माल २० दिवस पडून, तयार व्हायला १० दिवस, गिऱ्हाइकाकडून वसुलीला ४५ दिवस. पुरवठादाराची उधारी १५ दिवस. म्हणजे ६० दिवसांचा खर्च कायम अडकलेला. धंदा दुप्पट झाला की आणखी तेवढीच रक्कम लागते, आणि खर्चावर दहा टक्के नफा असेल तर साठ दिवसांत हाती येतो त्या रकमेचा जेमतेम दहावा भाग. मोठी ऑर्डर आनंदाने घेतलेला माणूस इथे फसतो. मालाचे पैसे आगाऊ घ्यावेत, आणि थकबाकी असताना पुढचा माल देऊ नये. हे पहिल्याच व्यवहारात ठरवावं. नंतर ठरवू गेलं की भांडण होतं.

"गिऱ्हाइकाचा गुलाम"

सगळ्या दाव्याचा कणा हाच, म्हणून इथे नीट थांबायला हवं. गुलामी आहे की नाही हे एका प्रश्नावर ठरतं: 'नाही' म्हटलं तर चूल पेटती राहते का?

वर्षाची विक्री १०० धरा. माल आणि नगावार मजुरी ५०, भाडं वगैरे स्थिर खर्च ३०, नफा २०. विक्रीत ५ चा वाटा असलेलं गिऱ्हाईक गेलं तर माल-मजुरीचे अडीच वाचतात, स्थिर खर्च तसाच राहतो, आणि नफा १७.५ वर येतो. ६० वाटा असलेलं गेलं तर ३० ची मिळकत जाते आणि १० चा तोटा होतो. या हिशेबात सीमारेषा ४० वर आहे. त्याहून मोठं गिऱ्हाईक म्हणजे मालकच, फक्त पगारपत्रकाशिवायचा. तेव्हा दाव्यातली भीती खोटी नाही. पण ती एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या धंद्याची भीती आहे, लहान धंद्याची नव्हे. असं गिऱ्हाईक हातात असेलच तर नवं मिळेपर्यंतचे महिने गुणिले महिन्याचा स्थिर खर्च, एवढी शिल्लक बाजूला हवी.

आणि पगारदार? त्याच्या श्रमाचं गिऱ्हाईक एकच, वाटा पूर्ण १००. गावात काम देणारा एकच असेल तर काय होतं हे ब्रिटनमध्ये दिसलं होतं. मजुरी नाण्यांऐवजी मालात किंवा मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत दिली जाई. शेवटी १८३१ मध्ये कायदा करून मजुरी नाण्यांत द्यायला लावावी लागली. काम देणारे पन्नास असतील तर ज्याने जन्मात धंदा केला नाही त्यालाही लहान धंद्यांचा आधार मिळतो, कारण एकाकडून निघून दुसऱ्याकडे जाता येतं. एकाच जाहिरातदारावर चालणाऱ्या वर्तमानपत्रालाही वरचाच हिशेब लागू आहे. भरसभेत उभं राहून अप्रिय बोलणारी माणसं समाजाला हवी असतील, तर त्यांचं पोट एका मुठीत असून चालत नाही.

"स्वावलंबन म्हणजे फारकत"

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या कामगारांनी १८४४ मध्ये २८ पौंडांच्या भांडवलावर सामायिक दुकान काढलं. भेसळ नको आणि उधारीचा फास नको, म्हणून. व्यवहार रोखीचा, सभासदाला मत एकच, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. रोखीचा नियम जाचक वाटतो, पण उधारीवर चालणारं सामायिक दुकान सभासदांच्याच थकबाकीने बुडतं, आणि शेजाऱ्याकडे वसुलीला जायला कुणी धजत नाही. स्वावलंबन हे असं असतं.

"सरकारची छत्री पुरे"

कायदा हवाच. १८३१ चा कायदा नसता तर ती मजुरी नाण्यांत आली नसती, आणि न्यायालय नसेल तर थकबाकी वसूल होत नाही. पण नियम वेगळा आणि मेहेरबानी वेगळी. पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने १९८० च्या दशकात लिमा शहरात कपडे शिवण्याचा छोटा कारखाना रीतसर नोंदवून पाहिला. लागले २८९ दिवस. एवढे दिवस ज्याला परवडत नाहीत तो नोंदणीविना धंदा करतो. मग त्याला करार न्यायालयात नेता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि दारात येणाऱ्या प्रत्येक तपासनिसापुढे मान खाली घालावी लागते. यावर साधा उपाय आहे. अटी आधीच छापील असाव्यात आणि मुदत ठरलेली असावी. त्या मुदतीत लेखी, कारणासह हरकत आली नाही तर परवाना मिळाला असं धरावं. मग फाइल अडवून ठेवण्यात कुणाचा फायदा उरत नाही.