खिडकीतला ग्लास

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. पोस्ट लांबलीय, पण जमलं तर पूर्ण वाचा, विशेषतः आपल्या ख्रिस्ती लोकांनी.

आम्ही गुरुवार पेठेत राहतो, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसरा मजला. कचरा न्यायला गेली चार वर्षं एक ताई येतात. मे महिन्यात एक दिवस त्यांना उशीर झाला, साडेअकरा वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. दारात जरा टेकल्या आणि म्हणाल्या, पाणी देता का थोडं. माझी लेक पटकन उठली, ओट्यावरचा हाताला लागला तो ग्लास भरून निघाली आणि मी आतून ओरडले, "अगं तो नको, खिडकीतला घे."

ताईंनी ऐकलं. "राहू द्या ताई, बाटली आहे माझ्याकडं," म्हणाल्या आणि बादली उचलून खाली गेल्या. ती बाटली उन्हात गाडीला लटकवलेली असते, मी रोज बघते. लेकीने विचारलं, मम्मी, खिडकीतलाच का? उत्तर माहीत होतं मला, पण ते तोंडाने उच्चारायची लाज वाटली.

आता मी कोण ते सांगते. माझी आजी नगर जिल्ह्यातली. ती सांगायची की तिच्या आईला लहानपणी तहान लागली तर विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत पाणी ओतणार, भांड्याला हात लावायचा नाही. मग घरादाराने बाप्तिस्मा घेतला. पणजी पहिल्यांदा प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, बसली तेव्हा तोच प्याला पाळकसाहेबांच्या हातून हिच्या ओठाला लागला आणि तिथून पुढच्या बाईच्या, आणि कुणी तो पुसून बाजूला ठेवला नाही. आजी म्हणायची, आईला त्या दिवशीचं प्रवचन एक अक्षर आठवत नव्हतं, प्याला आठवत होता. त्या बाईची पणती मी, आणि माझ्या खिडकीत वेगळा ग्लास!

आणि राहते कुठे, तर पंचहौदजवळ. तिथल्या पवित्र नाम देवळाचा, म्हणजे चर्चचा, उंच मनोरा माहीत नाही असा पुणेकर नसेल. इथल्याच पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेत, १८९० साली एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी आली होती, न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे चहा बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला, पण नावं पेपरात छापून आली आणि शहर ढवळून निघालं, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शेवटी प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपापायी. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, इथून चालत जाण्याच्या अंतरावर गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे या पेठांमध्ये कोण कुणाच्या हातचं पितो हा प्रश्न कधीच साधा नव्हता, आणि तो अजून संपलेला नाही, माझ्या स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

त्या रविवारी मला सारखा बायबलमधल्या योहानाचा चौथा अध्याय आठवत होता. भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसलाय आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय. ती चकित होते, कारण यहूदी लोक त्यांच्याशी संबंधच ठेवायचे नाहीत. जिवंत पाण्याबद्दलची प्रवचनं आपण शेकडो ऐकलीत, पण त्यात एक बारकी गोष्ट आहे, बाई म्हणते तुझ्याजवळ तर पोहराही नाही. म्हणजे प्रभू प्यायला असता तर तिच्याच भांड्यातून. मी इतकी वर्षं हा अध्याय वाचतेय, संडे स्कूलला शिकवलाय, आणि हे कधी दिसलंच नाही मला. प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा मी उठले नाही, बाकावरच बसून राहिले. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे मत्तयात स्पष्ट लिहिलंय, त्याला फाटे फोडता येत नाहीत.

सोमवारी ताई आल्या तेव्हा माफी मागितली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, मी म्हटलं आत या, चहा घेऊ. त्या शांतपणे म्हणाल्या, "ग्लास सगळ्यांच्याच खिडकीत असतो ताई. चहाचं बघू नंतर. तेवढं ओलं-सुकं वेगळं द्या, आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. हातानं निवडावं लागतं आम्हाला."

मी गप्पच झाले. चार वर्षं मी त्यांच्या हातात काय देत होते याचा एकदाही विचार केला नव्हता, आणि आता चहा देऊन मोकळी होणार होते. मला वाटतं आपण इथेच चुकतो. प्रेम करायचं म्हणजे आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते देतो, समोरच्याला काय हवंय ते विचारतच नाही. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचन टाकायला पाच सेकंद लागतात. दुधाची पिशवी धुऊन वाळत घालायला दोन मिनिटं लागतात आणि रोज लागतात. मला दुसरी गोष्ट जास्त ख्रिस्ती वाटायला लागलीय, कुणाला पटो न पटो.

शेजारी कधी कधी विचारतात की तुम्ही लोक धर्माचा प्रचार करता ना? मी ताईंना देवाबद्दल एक शब्द बोललेले नाही. त्यांच्या घरी त्यांची यल्लम्मा आहे, मनापासून करतात. मला प्रभूने त्यांच्याशी नीट वागायला सांगितलंय आणि त्या धर्म बदलतील तरच, अशी अट घातलेली नाही.

खिडकीतला ग्लास बाकीच्या ग्लासांत मिसळून टाकलाय, आता कुठला तो मलाही ओळखू येत नाही. चहा ताईंनी पंधरा दिवसांनी घेतला, पाऊस होता म्हणून, जिन्यात बसून. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या, पाय ओले आहेत. मग मीही माझा कप घेऊन तिथेच पायरीवर बसले.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे मंडळीचा चहा आहे. आवार झाडणाऱ्या मावशींना दर वेळी कागदी कप मिळतो आणि आपल्याला बशीसकट चिनीमातीचा. हे मी महिला मंडळात बोलणार आहे. कुणाला राग आला तर आत्ताच सांगा, रविवारच्या आधी भेटून बोलू.