देवाला एवढ्यात तसदी कशाला?

संकट आल्याबरोबर सर्वांत आधी देवाला हाक मारणारी काही माणसे अजूनही आढळतात. त्यांच्या नादी लागू नका. देव सर्वज्ञ आहे हे एकदा मान्य केले की आपली अडचण त्याला ठाऊक असणारच, मग ती सांगण्याची घाई कसली? विचारी माणसाने प्रथम स्वतःची अक्कल चालवावी. ती जिथे संपेल तिथून (आणि ती फार लवकर संपते, हा आमचा स्वानुभव आहे) ओळखीपाळखी सुरू कराव्यात, ओळखीच्यांनी फोन उचलणे बंद केले की मध्यरात्री मोबाइलवर आपल्या दुखण्याची लक्षणे शोधून असतील नसतील ते सारे असाध्य रोग स्वतःला चिकटवून घ्यावेत, आणि छातीत पुरेशी धडधड साठल्यावरच हात जोडावेत. त्याआधी जोडलेले हात उतावळेपणाचे दिसतात. शिवाय देवाला भेटण्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही, वेळ मागून घ्यावी लागत नाही. इतक्या सहज जो भेटतो, त्याच्याकडे आधी जाण्यात प्रतिष्ठा ती काय राहिली?

या धोरणाला ग्रंथाधारही आहे. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राचा पाय मगरीने धरला, तेव्हा त्याने लगेच धावा केला नाही. आधी त्याने स्वतःचे बळ लावून पाहिले, मग कळपातील इतर हत्तींनी त्याला ओढून पाहिले, आणि अशी तब्बल १,००० वर्षे झुंज दिल्यावर, अंगातले त्राण गेले तेव्हा त्याला नारायण आठवला. आपली अडचण अजून १,००० वर्षांची झालेली नाही, हे लक्षात घेता आपल्याला बरीच सवड आहे. फक्त ही कथा सांगताना एका तपशिलावर रेंगाळू नये. त्या घटकेला गजेंद्राच्या तोंडी जे स्तोत्र आले ते त्याने पूर्वजन्मी शिकून ठेवलेले होते, असे भागवतच सांगते. म्हणजे मगर दृष्टीसही नव्हती, तेव्हाची ती ओळख होती. हे श्रोत्यांना कळले तर सगळे गणितच बिघडेल.

गीतेच्या सातव्या अध्यायातही सोय आहे. तेथे भक्तांचे ४ प्रकार सांगितले असून त्यांत आर्त, म्हणजे पीडलेला, याचा उल्लेख पहिलाच येतो; आणि पुढे या चौघांनाही श्रीकृष्ण ‘उदार’ म्हणतो. एवढे वाचून पुस्तक मिटावे. त्याच भागवतातील कुंती मात्र संकटे वारंवार येत राहोत असे मागते, कारण संकटात तुझे दर्शन घडते, असे ती कृष्णाला सांगते. अशा बाईचा विषय घरात काढू नये.

विज्ञानाची साथ हवी असल्यास २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास तोंडपाठ करावा. त्यात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण होते आणि त्यांतील काहींसाठी अनोळखी लोक प्रार्थना करत होते. ज्यांना हे नक्की ठाऊक होते त्यांच्यापैकी ५९ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती पण ज्यांना त्याची खात्री नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्के होते. आकडे सांगून झाले की तत्काळ विषय बदलावा, कारण तेथे मोजली गेली ती परक्यांची प्रार्थना. रुग्णाने स्वतः मारलेली हाक कोणी मोजलीच नव्हती, आणि आपण टाळतो आहोत ती नेमकी तीच.

अखेर नाइलाजाने देवाकडे जावेच लागले, तर निदान रिकाम्या हाताने जाऊ नये. निर्णय तयार करून न्यावा आणि त्यावर फक्त त्याची संमती घ्यावी. काय व्हायला हवे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या हातून, हे सारे स्पष्ट सांगावे, आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असले संदिग्ध वाक्य चुकूनही उच्चारू नये, न जाणो तो ते मनावर घ्यायचा. काम झाले तर श्रेय आपल्या चिकाटीला द्यावे. फसले तर देवाकडे जाऊनही उपयोग झाला नाही, असे चारचौघांत सांगावे. मात्र पाण्यात ठेवलेले देव आठवणीने बाहेर काढून पुसून ठेवावेत, कारण पुढच्या खेपेला बुडवायला ते कोरडे लागतील.