लंगोट, नग सोळा

आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली सध्या तीन कागद आहेत. गॅसवाल्याचा नंबर, नातीनं काढलेला हत्ती आणि एक पावती. पावतीवर माझं आडनाव, बुधवारची तारीख आणि खाली निळ्या पेनानं ठसठशीत : ‘लंगोट – १६ नग – १६० रु.’ पहिले दोन कागद मी लावलेत. तिसरा बायकोनं लावलाय, आणि ती तो काढू देत नाही.

झालं एवढंच, की घरची इस्त्री ऐन वेळी जळली. मी निवृत्तीनंतर गोधड्या शिवतो. यावर ज्यांना हसायचं होतं ते मागच्या दिवाळीत पोटभर हसून घेऊन मोकळे झालेत, त्यामुळे तो विषय संपला. नातीचा वाढदिवस रविवारी, ती पुण्याला, आणि माझ्या टेबलावर सोळा पट्टे बिनइस्त्रीचे.

पट्टे का, ते सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. मला ४४ बाय ४८ इंचांची गोधडी हवी होती, दोन दोन इंचांच्या चौकोनांची. म्हणजे ५२८ चौकोन. एकेक कापून एकेक जोडत बसलो असतो तर गोधडी नातीच्या लग्नात रुखवतात ठेवावी लागली असती. त्यावर तोड अशी, की चौकोन कापायचेच नाहीत. साताऱ्याच्या मोती चौकातून आणलेल्या सुती कापडाच्या अडीच इंची (अर्धा इंच शिवणीत जातो) लांबच लांब पट्ट्या काढायच्या. एक गडद, एक फिकी, अशा दोन दोन जोडायच्या, की झाला पट्टा. मग तो पट्टा आडवा, दर अडीच इंचांवर, वडी पाडावी तसा पाडायचा. ४४ इंचांच्या पट्ट्यातून सतरा जोड्या पडतात. दोन जोड्या उलटसुलट ठेवून शिवल्या की चार घरांची चौकट. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी जमातीच्या बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातानं फिरवायच्या मशिनवर असेच पट्टे शिवून, कापून, पुन्हा शिवून झगे आणि सदरे करत. कापायला माझ्याकडे फिरतं पातं आहे. दिसायला थेट करंजीचं कातणं. ते १९७९ साली जपानात निघालं. बायकोनं एकदा ते शंकरपाळ्यांना वापरलं. त्या भांडणाबद्दल इथं लिहीत नाही.

तर हे सोळा पट्टे पिशवीत घालून मी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या इस्त्रीवाल्या मामांकडे गेलो. राजवाड्याकडून खाली उतरलं की ही टपरी लागते. कोळशाची इस्त्री, पाण्याचा तांब्या आणि सकाळी ‘चार भिंती’च्या टेकडीवर फिरून आलेली दोन-तीन माणसं, ज्यांना घरी जाण्याची कसलीच घाई नसते. मामांनी पिशवी टेबलावर पालथी केली.

“ह्ये काय?”

“पट्टे आहेत. गोधडीचे.”

“गोधडी कुठाय?”

“अजून व्हायचीय. हे पट्टे आता कापणार.”

मामांनी एक पट्टा उचलून उजेडात धरला. “ह्ये तर शिवल्यालं हाय.”

“हो, शिवलेलंच कापायचं.”

“मंग शिवलंसा कशाला?”

या प्रश्नाला उत्तर आहे. मी आत्ताच वर एक अख्खा परिच्छेद भरून ते दिलं आहे. पण तिथं, पाठीमागं तीन रिकामटेकडी माणसं उभी असताना, माझ्या तोंडून एवढंच निघालं, की आधी कापलं, मग शिवलं, आता परत कापायचं आणि मग परत शिवायचं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी इस्त्री तिवईवर ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, “पेन्शन हाय न्हवं?”

मागचे तिघे हसले. त्यांतले एक माझ्याच खात्यातून निवृत्त झालेत आणि दिवसभर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. शब्दकोडं भरून झालं की ते कुठं अंगावर घेता येतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग दराचा प्रश्न आला. भिंतीवर खडूनं लिहिलेलं : शर्ट १०, पँट १०, झब्बा १५, साडी ५०. यात पट्टा बसेना. मामांचा हिशेब रात्री मामी तपासतात, त्यामुळे वहीत नग कशाचा ते लिहावंच लागतं. मी ‘रुमाल लिहा’ म्हणालो, कारण रुमाल तीन रुपये. “रुमाल एवढा लांब असतोय व्हय?” टाय? टायला रुंद. ओढणी? ओढणीला अरुंद. पडदा? “कुठल्या खिडकीचा वो? बिळाचा?” शब्दकोडेवाल्यांनी ‘कमरपट्टा’ सुचवला. मामांनी एक पट्टा आडवा धरला, उभा धरला, स्वतःच्या कमरेला लावून बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“लंगोट!”

“अहो मामा, लंगोट कसा?”

“आकार बघा की. लांब, चिंचोळा. आमचा थोरला भाऊ तालमीत जायाचा, मी काय लंगोट बघितला न्हाई?”

“पण लंगोटाला इस्त्री कोण करतं?”

“कोनीच न्हाई. पैल्यांदाच आल्यात.” आणि त्यांनी लिहिलंसुद्धा. खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात – १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेला माणूस आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचा – लंगोट या शब्दाला मान आहे, हे मला मान्य आहे. पण फुलाफुलांचे, गुलाबी आणि पोपटी, सोळा?

मी तरीही कामाचं सांगून ठेवलं. म्हटलं, शिवण गडद कापडाच्या बाजूला मोडा, म्हणजे फिक्या कापडातून ती दिसत नाही आणि दोन जोड्या उलटसुलट आल्या की दोन्ही शिवणी एकमेकींत कडीसारख्या अडकतात, टोकाला टोक जुळतं. आणि इस्त्री ओढू नका. ठेवा, उचला, पुढं ठेवा. ओढली की पट्टा वाकतो.

“सायेब, तीस वर्सं मी इस्त्री वढतोय. तुम्ही मला उचलायला शिकवतायसा?”

चुकलंच माझं. गवंड्याला ओळंबा धरायला शिकवू नये. पण मी काय करू? या कामात शिवण दोन सूत, म्हणजे पाव इंच, घ्यायची असते. प्रत्येक शिवणीत नुसतं अर्धं सूत जास्त गेलं तरी एका चौकोनामागं एक सूत खातं, आणि चोवीस चौकोनांच्या रांगेत गोधडी तीन इंच आखडते. हे मी मागच्या गोधडीत भोगलेलं आहे. ती आता स्कूटरवर असते.

आणि खरं सांगायचं तर मला त्या हसण्याचा राग आला होता, अजून आहे. आमची आई वाकळ घालायची. जुनी लुगडी थरावर थर अंथरायची, शेजारच्या बायका चार बाजूंनी बसायच्या, आणि मे महिनाभर धावदोरा चालायचा. तिला कुणी ‘छंद छान आहे’ म्हणालं नाही, पेन्शनीबद्दल विचारलं नाही, आणि एका टाक्याचीही पावती केली नाही. तिच्या शेवटच्या दोन वाकळा माझ्याकडे होत्या. घर बदलताना कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून मीच त्या टेम्पोत खाली घातल्या. टेम्पो गेला, त्याबरोबर त्याही गेल्या. टेम्पोवाला पोवई नाक्यावरच उभा असायचा. दहा मिनिटांचा रस्ता. मी विचारायला गेलो नाही. दोन वाकळांसाठी कुठं जायचं, असं वाटलं तेव्हा.

असो. संध्याकाळी मामांचा पोरगा गठ्ठा घेऊन आला. मी घरी नव्हतो. घरी बायकोची भिशी होती, अकरा बायका. पोरानं खालूनच आवाज दिला, “काकू, काकांचे लंगोट आल्यात!” पोराचा दोष नाही. पावतीवर जे होतं ते त्यानं वाचलं. अकरा बायकांनी गठ्ठा सोडून एकेक नग पाहिला, असं मला नंतर कळलं. कुणीतरी पोपटी जास्त शोभेल म्हणालं.

पट्टे कडक होते. मामांनी खळ दिली होती, न मागता, वर ‘तुमच्यासाठी म्हणून’. शिवणी सगळ्या गडद बाजूलाच मोडलेल्या, हे मान्य केलं पाहिजे. आणि सोळाच्या सोळा पट्टे विळ्यासारखे वाकलेले. रात्री दोन वाजेपर्यंत पाण्याचा हात लावून, वर शब्दकोशाचे खंड ठेवून ते सरळ केले.

सोळाच्या सोळा म्हणालो ते सवयीनं. सकाळी कापायला बसलो तेव्हा मोजले. पंधरा होते.

पंधरा पट्ट्यांच्या २५५ जोड्या, त्यांच्या १२७ चौकटी. मला हव्यात १३२. बरोबर पाच कमी. त्या छापाचं कापड दुकानात संपलेलं. बायको म्हणाली, फोन करून विचारा. मामांकडे फोन नाही.

म्हणून काल सकाळी साडेआठला मी पुन्हा टपरीवर गेलो. तिथं शब्दकोडेवाले होते, गणवेश घ्यायला आलेल्या दोन शाळेतल्या बाई होत्या, भिशीतली एकजण होती. ‘पट्टा’ म्हणून बघितलं, मामांना कळेना. ‘ते बुधवारचं गोधडीचं’ म्हणालो, तरी कळेना. वही उघडून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली, रांग वाढत चालली, आणि शेवटी मी, माझ्याच तोंडानं, म्हणालो,

“मामा, माझा एक लंगोट कमी आलाय.”

मामांनी इस्त्री थांबवली, मान वर केली आणि रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी काळजीनं, विचारलं,

“फुलांचा का ठिपक्यांचा?”